अकरांपैकी चार का वाचली?

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. बार्शीत आमच्या वस्तीच्या पुढे नाला आहे आणि नाल्यापलीकडे डुकरे पाळणाऱ्यांची पाच-सहा घरे आहेत. त्यांपैकी एका अक्कांची अकरा डुकरे होती. आठ-दहा दिवसांत त्यांतली सात मेली. आधी खाणे सोडले, मग ताप, मग मागचे पाय लटपटले आणि एकेक करून आडवी झाली. लेकीच्या लग्नासाठी ज्या जनावरांवर भिस्त ठेवली होती, ती खड्ड्यात पुरावी लागली.

आम्ही भेटायला गेलो तेव्हा अक्का रडत नव्हत्या. उरलेल्या चार डुकरांकडे बघत बसल्या होत्या. म्हणाल्या, "दादा, एकाच उकिरड्यावर चरत व्हती की समदी. एकाच डबक्यात लोळत व्हती. मग सात गेली आन् ह्या चारच कशा राहिल्या?"

शेजारचे कोणी म्हणाले, नशीब. कोणी म्हणाले, देवीचा कोप, कोंबडे कापा. अक्कांना ही दोन्ही उत्तरे पटली नाहीत. आम्हालाही पटली नाहीत. प्रश्न मात्र डोक्यातून जाईना. घरी येऊन पुस्तके चाळली, जाणकारांना विचारले, आणि लक्षात आले की नाल्याकाठच्या या बाईने विचारलेला प्रश्न जगातल्या मोठमोठ्या प्रयोगशाळांत विचारला जात आहे. म्हणून आजचे सदर त्यासाठी.

काही वाचक भगिनी म्हणतील, कौटुंबिक पानावर डुकराचा विषय कशाला? आम्ही विचारतो, का नको? आपल्या गावांत डुक्कर हा शब्द शिवी म्हणून वापरला जातो आणि ती शिवी जनावराबरोबर त्याला पाळणाऱ्या माणसालाही लागते. आपल्याच सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे नागराज मंजुळे यांनी २०१३ साली 'फँड्री' हा चित्रपट काढला. फँड्री म्हणजे कैकाडी भाषेत डुक्कर. शाळेत जाणाऱ्या पोराला गावादेखत डुक्कर पकडावे लागते तेव्हा त्याच्या मनाचे काय होते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना आम्ही अधिक सांगायला नको. ज्या कामाची लाज गरिबावर लादली गेली, त्या कामाचे ज्ञानही गरिबापासून दूर ठेवले गेले. गाई-म्हशीच्या आजारावर गावात चार माणसे बोलतात. डुक्कर मेले तर कोणी विचारत नाही.

आता अक्कांच्या प्रश्नाकडे येऊ.

चार डुकरे वाचण्याची तीन कारणे असू शकतात. पहिले, रोगाचे जंतू त्यांच्या पोटात कमी गेले असतील. दुसरे, तो रोग त्यांना पूर्वी हलकासा होऊन गेला असेल किंवा आईच्या दुधातून थोडे संरक्षण मिळाले असेल. तिसरे कारण म्हणजे त्यांच्या अंगची रोगप्रतिकारशक्ती जन्मतःच थोडी वेगळ्या घडणीची असेल. हे तिसरे कारण आईबापांकडून पिलांत उतरते, म्हणून संशोधकांचे त्याच्याकडे विशेष लक्ष असते.

ही घडण लिहिलेली असते जनुकांत. प्रत्येक जिवाच्या शरीरातील पेशींत डीएनए नावाचा लांबच लांब धागा असतो. त्यावर चार अक्षरांत मजकूर लिहिलेला असतो. ए, सी, जी आणि टी ही ती चार अक्षरे. डुकराच्या या मजकुरात सुमारे २५० कोटी अक्षरे आहेत आणि तो गुणसूत्रांच्या १९ जोड्यांत विभागलेला आहे. एका मादी डुकराचा हा मजकूर जवळजवळ पूर्ण वाचून शास्त्रज्ञांनी २०१२ साली प्रसिद्ध केला. मजकुराचा जो तुकडा शरीराला एखादे काम सांगतो, त्याला जनुक म्हणायचे. पिलाला प्रत्येक जनुकाच्या साधारणपणे दोन प्रती मिळतात, एक आईकडून आणि एक बापाकडून.

एका अक्षराने काय फरक पडतो, असे कोणी विचारेल. 'मीठ' या शब्दातले पहिले अक्षर बदलले की 'पीठ' होते. स्वयंपाकात त्याने किती फरक पडतो हे भगिनींना सांगायला नको. उलट 'पाणी' हा शब्द ऱ्हस्व लिहिला तरी वाचणाऱ्याला पाणीच समजते. जनुकांचेही तसेच आहे. काही अक्षरे बदलली तरी काम तेच राहते, काही बदलली की काम पार बदलते. रोगाशी झुंजणाऱ्या जनुकांत असे बदल कोठे आहेत आणि त्यांतले कोणते कामाचे आहेत, हे शोधणे म्हणजेच आजचा आपला विषय.

हा शोध घेतात कसा? डुकराच्या कानाच्या शिरेतून थोडे रक्त किंवा कानाचा बारीक तुकडा घेतात. त्यातून डीएनए वेगळा काढतात. हव्या त्या जनुकाच्या लाखो प्रती यंत्रात तयार करतात. या पद्धतीला पीसीआर म्हणतात. करोनाच्या साथीत नाकात काडी घालून जी तपासणी होत असे, त्यात हीच युक्ती होती. मग अक्षरे वाचतात आणि एका डुकराचा मजकूर दुसऱ्याशी ताडून पाहतात. जी आजारी पडली आणि जी पडली नाहीत, त्यांच्यात एखादे अक्षर सातत्याने वेगळे दिसते का, हे तपासतात. दोन-चार डुकरांवरून हे ठरत नाही, शेकड्यांनी नमुने लागतात. आणि आजारी व निरोगी यांची नोंद मुळात कोणीतरी ठेवलेली असावी लागते.

एक उदाहरण घेऊ. पिले आईपासून तोडली की पुष्कळदा त्यांना हगवण लागते, पापण्या सुजतात आणि ती दगावतात. ई-कोलाय जंतूचा एक प्रकार याला कारण असतो. हा जंतू आतड्याच्या आतल्या बाजूला एका विशिष्ट कडीला धरून बसतो. ती कडी तयार होण्यात एफयूटी-१ नावाच्या जनुकाचा हात असतो. या जनुकाच्या ३०७ व्या जागी 'जी' ऐवजी 'ए' असेल आणि दोन्ही प्रतींत तसेच असेल, तर कडी बनत नाही. जंतू येतो, पण धरायला काही नसल्याने शेणाबरोबर निघून जातो. १९९०च्या दशकाच्या अखेरीस स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी हे उलगडले. त्यानंतर जनावर आजारी पाडून पाहण्याची गरज उरली नाही, नुसत्या तपासणीवरून नर-मादी निवडता येऊ लागले. एका अक्षराची ही किंमत आहे.

पण रोग काही एकच नाही. म्हणून जनुकांच्या आणखी एका गटाकडे पाहिले पाहिजे. डुकराच्या सातव्या गुणसूत्रावर जनुकांचा एक मोठा पुंजका आहे. पेशीत विषाणू शिरला की त्याचे तुकडे पेशीच्या दारावर टांगून गस्त घालणाऱ्या पेशींना दाखवायचे, हे त्याचे काम. गस्तवाल्यांनी तुकडा ओळखला की ते त्या आजारी पेशीचा नाश करतात. मात्र या जनुकाची प्रत्येक प्रत सगळेच तुकडे धरू शकत नाही.

बार्शीच्या डाळ मिलमध्ये ज्यांनी हमाली केली आहे, चाळणीवर काम केले आहे, त्यांना हे लगेच समजेल. एकाच आकाराच्या छिद्रांची चाळणी असेल तर एकाच मापाचा खडा अडेल, बाकीचे डाळीत जातील. वेगवेगळ्या चाळण्या असतील तर एकीतून सुटलेले दुसरीत सापडेल. कळपात या जनुकांच्या जितक्या निरनिराळ्या प्रती, तितक्या निरनिराळ्या चाळण्या. नवा रोग आला तर काही जनावरे मरतील, पण कोणाकडे तरी नेमकी चाळणी निघण्याची आशा राहील. सगळा कळप एकाच नराचा, बहीण-भावांत वाढलेला असेल तर सगळ्यांच्या चाळण्या सारख्याच होतात. एक मेले की सगळे मरण्याचा धोका वाढतो.

म्हणजे कळपाचे बळ वेगळेपणात असते. आमच्या मते या सगळ्या शास्त्रातून सामान्य माणसाने घ्यायची गोष्ट हीच आहे.

आता प्रश्न येतो, हे वेगळेपण आहे कोणाकडे? मोठ्या फार्मवर पांढरी विलायती डुकरे असतात. लवकर वाढावीत म्हणून पिढ्यान् पिढ्या निवडलेली. गावोगावची काळी, केसाळ, लांब तोंडाची गावठी डुकरे कोणी निवडून वाढवलेली नाहीत. उकिरड्यावर, गटारीत, उन्हातान्हात जी जगली त्यांचीच पिले झाली. त्यांच्या अंगात काय काय साठले आहे हे पाहणे म्हणूनच गरजेचे आहे. परंतु गावठी म्हणजे सर्वगुणसंपन्न असेही समजू नये. वर सांगितलेली, कडी नसलेली एफयूटी-१ ची प्रत युरोपातील वाणांत आढळली, चीनच्या बहुतेक स्थानिक वाणांत ती आढळली नाही. एकाकडे एक आहे, दुसऱ्याकडे दुसरे.

येथे एक खुलासा करतो. सरकारी कागदांत जनावरांच्या 'जाती' असे लिहितात. आम्ही मुद्दाम 'वाण' म्हणतो. जात या शब्दाने आपले पुष्कळ नुकसान केले आहे, तो जनावरांच्या गळ्यातही नको.

हरयाणातील कर्नाल येथे जनावरांच्या वाणांची राष्ट्रीय नोंदणी करणारी संस्था आहे. डुकरांत पहिला क्रमांक बंगालच्या घुंगरूला, दुसरा मेघालयाच्या नियांग मेघाला आणि तिसरा आपल्या शेजारच्या गोव्यातील आगोंदा गोवनला मिळाला. काणकोण तालुक्यातील आगोंदा गावावरून हे नाव पडले. गोव्याच्या खेड्यांतील घरांच्या परसात वाढणारे हे लहान चणीचे डुक्कर. बायाबापड्यांनी उरलेसुरले घालून ते जगवले. जुने गोवे येथील केंद्रीय कृषी संशोधन संस्थेने त्याचा अभ्यास केला आणि आज राष्ट्रीय यादीत त्याचे नाव आहे. गुवाहाटीजवळ राणी येथे केवळ डुकरांवर काम करणारे राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. देशी वाणांच्या रोगप्रतिकाराच्या जनुकांवर आपल्या देशातील संशोधकांनी निबंध प्रसिद्ध केले आहेत.

नोंद झाली की गोष्ट दिसू लागते, हे बार्शीकरांना वेगळे सांगायला नको. १९८७ साली बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतील ३४६ खेड्यांसाठी कर्करोगाची नोंदणी सुरू झाली. ग्रामीण भागातली ती देशातली पहिलीच. त्याआधी खेड्यातल्या बाईला गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग होत नव्हता काय? होत होता, पण वहीत नव्हता. गावोगाव जाऊन नोंद केली तेव्हा तो दिसला आणि उपायही सुरू झाले. अक्कांच्या काळ्या डुकरांचे आज तसेच आहे. ती आहेत, पण वहीत नाहीत.

आणि वेळ थोडा आहे. २०१२ च्या पशुगणनेत देशात सुमारे १ कोटी ३ लाख डुकरे होती, २०१९ मध्ये ती सुमारे ९१ लाखांवर आली. त्यानंतर २०२० साली आफ्रिकन स्वाइन फीवर हा रोग भारतात प्रथमच आसाम आणि अरुणाचल प्रदेशात उघड झाला आणि पुढे इतर राज्यांत पसरला. हा रोग माणसाला होत नाही, परंतु पाळीव डुकरांचे कळपच्या कळप बुडवतो. एखादा गावठी कळप असा संपला की त्याच्याबरोबर त्याच्या चाळण्याही संपतात. त्या पुन्हा कोठून आणणार?

या शास्त्राचा भलता गवगवा मात्र आम्हाला करायचा नाही. आफ्रिकेतील रानडुकरांच्या अंगात याच तापाचा विषाणू राहतो, पण ती आजारी पडत नाहीत. असे का, याचा शोध घेताना एका जनुकात थोडा फरक सापडला. ब्रिटनमधील शास्त्रज्ञांनी पाळीव डुकरांत तो रानटी फरक आणला. मग रोगाची लागण करून पाहिली. डुकरे पूर्वीसारखीच आजारी पडली. २०२० मध्ये त्यांनी हे प्रामाणिकपणे छापले. दुसऱ्या ठिकाणी मात्र यश आले. डुकरिणींचा गर्भपात करणारा आणि पिलांचा श्वास कोंडणारा पीआरआरएस नावाचा रोग आहे. आपल्या मिझोराममध्ये तो २०१३ साली आढळला. त्याचा विषाणू सीडी-१६३ नावाच्या दारातून पेशीत शिरतो. त्या दाराचे जनुक बदलून जी डुकरे तयार केली, त्यांना हा रोग होत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२५ साली त्यांना मान्यता दिली. एका रोगाचे दार एका अक्षरात सापडते, दुसऱ्याचे सापडत नाही. म्हणून धीर धरून शोध चालू ठेवावा लागतो. कोंबडे कापून उत्तर मिळत नाही ते यासाठीच.

आणखी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. जनुक, वाण, निवड हे शब्द निघाले की काही शहाणे लगेच माणसांवर घसरतात. अमक्यांचे रक्त शुद्ध, तमक्यांचे हलके, आणि जातीमुळे म्हणे वंश चांगला राहतो! बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात दाखवून दिले की जातीच्या आतच लग्ने लावण्याचे बंधन हाच जातिसंस्थेचा गाभा आहे. १९३६ च्या 'जातिनिर्मूलना'त त्यांनी रक्तशुद्धीचा आणि वंशसुधारणेचा हा दावा मुद्दे मांडून खोडून काढला. डुकरांच्या जनुकांवरून माणसांची प्रतवारी लावायला कोणी आले तर त्याला दारातूनच परत पाठवावे. खरे तर डुकरांचे शास्त्रदेखील शुद्धतेच्या बाजूने बोलत नाही. मिसळ झाली तिथे बळ आले, कोंडले तिथे कीड लागली, असेच ते सांगते.

आता ज्यांच्या घरी किंवा शेजारी डुकरे आहेत त्यांच्यासाठी चार कामाच्या गोष्टी. प्रयोगशाळा हाताशी नसली तरी या करता येतात.

पहिली गोष्ट, सगळ्या माद्यांना वर्षानुवर्षे एकच नर दाखवू नये. त्याच्याच लेकी त्यालाच दाखवणे तर टाळावेच. शेजारच्या निरोगी कळपाशी नराची अदलाबदल करावी.

दुसरी, बाहेरून आणलेले जनावर महिनाभर वेगळे बांधावे आणि मगच कळपात सोडावे. हॉटेलातले उष्टे घालायचे असेल तर अर्धा तास चांगले उकळून घालावे.

तिसरी, एकदम दोन-तीन जनावरे आजारी पडली तर ती विकून मोकळे होऊ नये. गुरांच्या सरकारी दवाखान्यात कळवावे आणि नमुना घ्यायला सांगावे. क्लासिकल स्वाइन फीवरची लस आपल्या देशात तयार होते, तिची चौकशी तेथेच करावी. वाचलेले जनावर बाहेरून ठणठणीत दिसले तरी त्याच्या अंगात काही काळ विषाणू राहू शकतो. ते बाजारात नेणे म्हणजे दुसऱ्या गरिबाच्या दारात रोग नेऊन सोडणे आहे.

चौथी गोष्ट वस्तीतल्या शिकलेल्या मुला-मुलींसाठी. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायत आणि नगरपरिषदेत जैवविविधता समिती असायला हवी आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायला हवी. त्या वहीत पिकांबरोबर पाळीव जनावरांचीही नोंद होते. उद्या आपल्या काळ्या डुकराच्या अंगात काही मोलाचे निघाले तर ते जपणाऱ्यांनाही लाभाचा वाटा मिळावा, हे त्या कायद्याचे एक उद्दिष्ट आहे. पण वाटा मागायला आधी नाव वहीत हवे. तेव्हा कार्यालयात जाऊन विचारा, वही दाखवा म्हणा, आणि नाल्यापलीकडच्या घरांची नोंद नसेल तर लेखी अर्ज द्या.

अक्कांचे पुढे काय झाले, असे वाचक विचारतील. रोग कोणता होता ते कळले नाही. सातही डुकरे पुरलेली होती, नमुना कोणी घेतलाच नव्हता. एक व्यापारी उरलेल्या चारही डुकरांचे पैसे रोख मोजायला तयार होता. लग्नाची तारीख जवळ आली होती आणि नोटा समोर होत्या. त्यांची लेक दहावीला आहे. आम्ही सांगितलेले तिने नीट ऐकून घेतले आणि आईला म्हणाली, "आई, महिनाभर थांब. डॉक्टरला दाखवू, मग बघू. माझं लग्न कुठं पळून चाललंय? मला अजून शिकायचंय."

अक्का थांबल्या. डॉक्टर आले, त्यांनी जनावरे पाहिली. लग्न पुढे गेले आणि पोरगी शाळेत जाते आहे. चारांपैकी दोन माद्या अक्कांनी ठेवून घेतल्या आणि पंढरपूर रस्त्यावरच्या नातलगांकडून दुसऱ्या कळपातला नर आणला.

परवा गेलो तर पोरीने एक शंभर पानी वही दाखवली. पहिल्या पानावर तारीख, कोणती डुकरीण, कोणता नर, किती पिले, किती जगली, सगळे निळ्या शाईत लिहिलेले. प्रत्येक पिलापुढे कोणाच्या तरी तोंडावळ्यावरून किंवा ठिपक्यावरून ओळख दिलेली. आईचा प्रश्न तिने वहीत उतरवला होता. शेकडो नमुन्यांची सुरुवात अशा पहिल्या पानानेच होते, एवढे आम्ही तिला सांगितले आणि चहा घेऊन परतलो.